डब्याला विचारावं लागतं

गाबोळीने दुसऱ्या दिवशीही डब्याला तोंड लावलं नाही. बशीपाशी आली, एकदा वास घेतला आणि पुढच्या पंजाने लादी खरवडली. नको असलेली गोष्ट मांजर माती टाकून झाकतं, तसं. मग माझ्याकडे बघत बसली.

भिंतीवरच्या पारखी नावाच्या यंत्राने लगेच कौल दिला. "गाबोळीने बाहेर खाल्लं असावं. शक्यता ब्याऐंशी टक्के. काळजीचं कारण नाही."

ब्याऐंशी टक्के. माझ्या मुलीला दहावीला एवढे पडले तेव्हा आम्ही आळीभर पेढे वाटले होते. तेव्हा आकडा काही लहान नव्हता. पण मांजर बाहेर गेलंच नव्हतं. दोन दिवस ते माझ्या पायाशी बसून होतं.

मी प्रभावती भाटकर, वय सहासष्ट, राहणार रत्नागिरी. नवरा जाऊन सात वर्षं झाली. मुलगी शर्वरी पुण्यात. घरात मी आणि ही पिवळी मांजर. माशाच्या पोटात जी अंडी निघतात त्यांना आमच्याकडे गाबोळी म्हणतात. हिचा रंग अगदी तोच, म्हणून नाव तेच. ती अकरा वर्षांची आहे, म्हणजे माणसांच्या हिशेबात माझीच मैत्रीण.

मांजराला गोड कळत नाही, हे मला साठी उलटल्यावर समजलं. गोडाची चव ओळखणारं जे काही जिभेवर असतं, ते बनवण्याची कृतीच त्यांच्या जनुकांत फाटलेली आहे. आपण दूध-पोळी कुस्करून घालतो ती आपल्या समाधानासाठी. मांजराला मांस लागतं. टॉरिन नावाचं एक द्रव्य त्याला त्यातूनच मिळतं आणि ते कमी पडलं तर डोळे जातात, हृदय दमतं. शिवाय ही मूळची वाळवंटातली जात. तहान लागली तरी पाण्याकडे फारशी जात नाही, तिचं पाणी तिच्या अन्नातूनच जायला हवं. म्हणून कोरड्या दाण्यांपेक्षा ओला डबा बरा. आणि इतकं सगळं सांभाळलं तरी म्हातारपणी मूत्रपिंडं दगा देतातच. थकलेल्या मूत्रपिंडांना फॉस्फरस बाहेर टाकता येत नाही, आणि माशात तर तो खच्चून भरलेला. आता रत्नागिरीच्या मांजराने मासा खायचा नाही म्हणजे काय, ते तुम्हीच ठरवा.

पूर्वी हा आजार कळायचा तो मूत्रपिंडांचा तीन चतुर्थांश भाग गेल्यावर. पारखी आली आणि ते बदललं. मांजराच्या मातीच्या ट्रेखाली कागदाएवढं पातळ पटल असतं. त्यावर प्रथिनांचे हजारो ठिपके छापलेले, आणि प्रत्येक ठिपका लघवीतला एकच एक रेणू पकडतो. कुठला रेणू रोज किती सापडला यावरून मूत्रपिंड कुठे कुरकुरतंय हे चार-चार वर्षं आधी समजतं. हे झालं अर्धं काम. उरलेलं अर्धं डब्यावरच्या बोलक्या लेबलचं. डब्यातला मासा फॉस्फरस कमी करून भरलेला असतो, पण दोन दिवसांचं मासळीचं जाळं कधी सारखं नसतं, म्हणून प्रत्येक घाण्याचं लेबल वेगळं. त्यात काय पडलं, किती शिजलं, वाटेत किती तापलं, सगळं ते यंत्राला सांगतं. पारखी रोज सकाळी मांजराची आणि डब्याची पत्रिका जुळवते आणि आजचा डबा काढून देते.

मी या यंत्राला दिवसातून दोनदा शिव्या घालते. पण त्याचे उपकार विसरत नाही. दोन वर्षांपूर्वी त्यानेच गाबोळीची मूत्रपिंडं पकडली. आमचे जनावरांचे डॉक्टर इम्तियाज काझी तेव्हा म्हणाले होते, "काकी, या यंत्राने हिच्या पदरात चार वर्षं टाकली." त्या दिवशी मी पारखीसमोर उदबत्ती लावली. शर्वरी पोट धरून हसली, कारण ते यंत्र ज्या कंपनीत बनतं तिथेच ती नोकरीला आहे. यंत्राला शिकवायचं काम तिचं.

आता माझं पाप सांगते. नारळी पौर्णिमा झाली, होड्या गेल्या, मोसमातला पहिला बांगडा घरात आला. मी जेवायला बसले आणि गाबोळी समोर येऊन बसली. घरातलं माणूस ताटाकडे बघत असताना एकटीने घास गिळायचा ही आमच्यात रीत नाही. मी तिला बांगड्याचं डोकं दिलं. चार दिवसांनी आणखी एक. मग आणखी एक. ट्रेने अर्थातच चुगली केली. शर्वरीचा फोन आला, "आई, फॉस्फरस एकदम कसा चढला? मासा दिलास?"

"छे गो. शेजारच्या पाटणकरांकडे जाते ना ती, तिकडे खाल्लंन असेल."

पाटणकर शाकाहारी आहेत. घाईत माझ्या ते ध्यानात आलं नाही, आणि शर्वरीला ते आठवलं नाही. तिने दोन गोष्टी केल्या. पारखीला सांगितलं की मांजर बाहेर खातं. आणि डब्यांच्या कपाटाला पुण्याहून कुलूप घातलं. रोज सकाळी एकच डबा खालच्या खणात पडायचा, रेशनच्या दुकानासारखा. स्वतःच्या स्वयंपाकघरात मला कपाट उघडता येत नव्हतं. मला राग आला, पण कुठल्या तोंडाने बोलणार?

तर त्या शुक्रवारी सकाळी मी तिसरा डबा उघडला. कडी वर ओढली आणि थांबले.

डबा गरम असतानाच झाकण बंद करतात. आतली वाफ निवते, तिचं पाणी होतं, आत पोकळी राहते, आणि ती पोकळी झाकणाला आत खेचून धरते. म्हणून चांगला डबा उघडताना पहिल्यांदा बोटाला ओढ लागते. हा डबा ओढ न देता उघडला. आदल्या दोन दिवसांचेही डबे तसेच उघडले होते, माझं लक्ष नव्हतं. वास घेतला. मला तरी काही आला नाही. पण नाक माझं होतं, मांजराचं नव्हतं.

हे मला कसं कळलं, ते सांगायला हवं. अठ्ठावीस वर्षं मी कॅनिंगमध्ये होते, आंब्याच्या रसाच्या कारखान्यात. माझं काम डबे वाजवायचं. रस भरून, उकळून डबे पंधरा दिवस ठेवायचे आणि मग आम्ही बायका हातात पेन्सिलीएवढी लोखंडी कांडी घेऊन एकेक डबा वाजवत जायचो. पोकळी धरून असलेला डबा 'टण' बोलतो, झाकण ताणलेलं असतं म्हणून. हवा शिरलेला डबा 'बद्द' बोलतो. दिवसाला चार-चार हजार डबे. आमच्या मुकादम द्रौपदीबाई मयेकर. त्यांनी मला हे शिकवलं. त्या म्हणायच्या, "डबा खोटं बोलत नाय गो. पण त्याला विचारावं लागतं."

ती कांडी अजून माझ्या खणात आहे. मी ती काढली, पण खालच्या खणात त्या दिवशीचा एकच डबा पडायचा आणि तो तर उघडलेला. मी शर्वरीला फोन लावला.

"डब्यात हवा गेली आहे," मी म्हटलं. "कपाट उघड. मला बाकीचे वाजवून बघायचे आहेत."

"आई, लेबल हिरवं आहे. पारखी म्हणते तिने बाहेर खाल्लं."

"पारखीला काय कळतंय?"

ती हळूच म्हणाली, "आई, तुला आता डब्याचा आवाज ऐकू येतो का?"

तिने दुखवायला विचारलं नव्हतं. खरं तेच विचारलं. कारखान्यात डब्यांच्या पट्ट्याचा खडखडाट बारा-बारा तास चालायचा. तेव्हा कानात घालायला कुणी काही दिलं नाही आणि आम्ही मागितलं नाही. कानाच्या आत जे बारीक केस असतात त्यांतले उंच सुरांचे आधी मरतात. माझे सगळे गेले. शर्वरीने कानाचं महागडं यंत्र घेऊन दिलं आहे, पण ते माणसांचं बोलणं पुढे आणतं आणि बाकीचं कचरा म्हणून गाळतं. 'टण' त्या कचऱ्यात जातो. मी फोन ठेवला.

गाबोळीला टोपलीत घातलं आणि रिक्षाने काझींकडे नेलं. त्यांनी तिचं पोट चाचपलं, हिरड्या बघितल्या. चेहरा गंभीर केला.

"काकी, मांजराला उपास सोसत नाही. दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही तर अंगातली चरबी यकृताकडे धावते आणि यकृत तुंबतं. उद्या दुपारपर्यंत खाल्लं नाही तर नळीने घालावं लागेल."

"काय घालणार?"

"हाच डबा. तिच्या मूत्रपिंडांना चालणारा दुसरा रत्नागिरीत नाही. नवा माल सोमवारी येणार."

"आणि डबाच खराब असेल तर?"

त्यांनी मला उडवून लावलं नाही, हे त्यांचं चांगलं. "तर नळीने घालणं धोक्याचं," ते म्हणाले. "उघडलेला डबा द्या, प्रयोगशाळेत पाठवतो. पण निकाल चार दिवसांनी. आणि मासा उकडून घालू म्हणाल तर मागच्या महिन्याचे आकडे बघा. आणखी एक धक्का तिला झेपणार नाही."

मागच्या महिन्याचे आकडे. म्हणजे माझे तीन बांगडे. रिक्षात मी टोपली मांडीवर घेऊन बसले. आत ती गप्प होती. एरवी रिक्षात बसलं की सगळ्या रस्त्याला ऐकवायची. मला तेव्हा पहिल्यांदा नीट समजलं की ही जाऊ शकते, आणि गेली तर माझ्या खोट्याने जाईल. बाहेर खाल्लं, हे यंत्राला मीच शिकवलं होतं.

घरी आल्या आल्या पुन्हा फोन लावला.

"शर्वरी, पाटणकर मासे खात नाहीत."

"काय?"

"बांगडा मी दिला. तीन वेळा. तुझ्याशी खोटं बोलले. परवापासून ती घराबाहेर पडलेली नाही आणि तिच्या पोटात काही गेलेलं नाही. ते ब्याऐंशी टक्के माझ्या खोट्याचे आहेत."

मला वाटलं आता ऐकून घ्यावं लागणार, आणि ऐकून घ्यायची माझी तयारी होती.

"डबा खराब आहे हे तुला कशावरून वाटलं?" तिने विचारलं.

"बोटावरून. कडीला ओढ लागली नाही."

"कांडी आहे ना अजून?"

"आहे. पण तू म्हणालीस ते खरं आहे. मला ऐकू येत नाही." मग मनातलं बोलूनच टाकलं. "तुला येतं."

आठ-नऊ वर्षांची असताना मे महिन्याच्या सुट्टीत शर्वरीला सांभाळायला घरी कुणी नसायचं. मी तिला कामावर न्यायची. माझ्या टेबलाखाली गोणपाटावर बसून ती वरचे डबे ऐकायची आणि ओरडून सांगायची, चांगला, चांगला, बद्द. एखादा डबा मला शंकेचा वाटला की द्रौपदीबाई खाली वाकून तिला विचारायच्या. बरोबर आला की आंब्याची एक फोड मिळायची. त्या सुट्टीत तिने किती आंबे खाल्ले याला गणती नाही.

कपाटाचं दार आपोआप उघडलं. आत एकवीस डबे होते.

मी फोन ओट्यावर उभा केला, पहिला डबा पालथा घातला आणि मधोमध कांडी मारली.

"मार ना," शर्वरी म्हणाली.

"मारली."

"मला काहीच आलं नाही. पुन्हा मार."

पुन्हा मारली. पुन्हा काही नाही. फोनसुद्धा माझ्या कानातल्या यंत्राचाच भाऊ निघाला. बोलणं ठेवत होता आणि टण कचरा म्हणून पुसत होता. जगातली सगळी शहाणी यंत्रं त्या एका आवाजाच्या मागे लागली होती. शर्वरी काहीतरी पुटपुटली, पडद्यावर तिची बोटं टकटक करताना दिसत होती. मग म्हणाली, "थांब. पारखीला मांजराचं म्याव ऐकायला कान दिलेला आहे. मी त्याच्यावरची गाळणी काढते. डबा तिच्यासमोर धर."

मी डबा भिंतीजवळ स्टुलावर ठेवला आणि कांडी मारली.

"बद्द," शर्वरी म्हणाली.

दुसरा. "बद्द." तिसरा. "बद्द. आई, हाच पुन्हा मार. हो, बद्द." चौथा, पाचवा. सहाव्याला मी पडद्याकडे पाहिलं. तिने डोळे मिटले होते, लहानपणी टेबलाखाली मिटायची तसे.

"चांगला," ती म्हणाली. "आई, चांगला. हा बाजूला ठेव."

माझा हात मात्र विसरला नव्हता. मनगट सैल, कांडी मधोमध, ना जोरात ना हळू. हात माझा आणि कान तिचा, असं आम्ही त्या ओट्यापाशी एकवीस डबे वाजवले. सहा चांगले निघाले. पंधरा बाद.

चांगल्यातला एक मी उघडला. कडीला ओढ लागली, चांगली सणसणीत. मी डबा जरासा कोमट केला आणि बशीत काढला. गाबोळी कोपऱ्यात पडून होती. तिने मान उचलली, नाक हललं. मग उठली, दोन पावलं चालली, बसली, पुन्हा उठली. बशीपाशी येऊन वास घेतला. मी आणि पडद्यावरची शर्वरी, दोघी बघत राहिलो.

तिने खाल्लं. थोडंसं खाल्लं, थांबली आणि पुन्हा खाल्लं.

मी तिथेच जमिनीवर बसून रडले. सांगायला लाज नाही. शर्वरीही रडत होती. रडता रडता म्हणाली, "मला एक फोड दे." मला आधी कळलंच नाही. मग कळलं.

काझींच्या प्रयोगशाळेचा निकाल आला तोवर शर्वरीने कळवल्यामुळे कंपनीने स्वतःच डबे तपासायला घेतले होते. नवीन पातळ पत्र्याच्या डब्यांच्या कडेला केसाएवढी फट पडत होती. गोदामात गठ्ठे एकावर एक चढवले की ती वाढायची. लेबल खोटं बोलत नव्हतं. त्याला जेवढं सांगितलं तेवढंच ते सांगत होतं, आणि फटीबद्दल त्याला कुणी विचारलं नव्हतं. त्या घाण्याचे चाळीस हजार डबे बाजारात गेले होते. इचलकरंजीपासून जळगावपर्यंत कितीतरी मांजरांनी खाणं सोडलं होतं आणि घराघरांत पारखी सांगत होती, बाहेर खाल्लं असावं. कारण ही यंत्रं एकमेकांकडून शिकतात. शर्वरीने मागची नोंद उघडली तर ठिकठिकाणी काकूंनी, मावशांनी, आजोबांनी चोरून काहीबाही भरवलं होतं आणि शेजाऱ्यांचं नाव घेतलं होतं. मला वाटायचं मी एकटीच खोटारडी आहे.

"आम्ही मांजराचं सगळं मोजलं," शर्वरी मला म्हणाली. "डब्याचं सगळं मोजलं. माणूस मोजायचा राहिला." त्या संध्याकाळी तिने माझ्या कपाटाचं कुलूप कायमचं काढलं. मी तिला शब्द दिला की बांगडा देणार नाही. आता गाबोळी समोर बसली की मीच उठून दुसऱ्या खोलीत जेवते.

वेळेवर डबे परत मागवले म्हणून मांजरं वाचली. सगळी नाही वाचली, पण बहुतेक. पुढे शर्वरीने मला आठ दिवस पुण्याला नेलं. तिच्या कचेरीत एका मोठ्या टेबलावर चांगले-वाईट मिळून दोन हजार डबे मांडले होते आणि मी कांडी घेऊन ते वाजवायचे होते. पंचविशीतली पोरं-पोरी भोवती यंत्रं लावून बसली होती. "काकू, मनगट असंच का?" "काकू, मधोमधच का?" कारखान्यात अठ्ठावीस वर्षांत मला कुणी 'का' विचारलं नव्हतं. मी त्यांना सगळं सांगितलं, द्रौपदीबाईंनी मला सांगितलं होतं तसं. शेवटच्या दिवशी त्यांनी विचारलं, पारखीतल्या या नवीन भागाला तुमचं नाव देऊ का? मी म्हटलं, माझं नको. ज्या बाईने मला शिकवलं तिचं द्या. द्रौपदीबाईंना अक्षरओळख नव्हती. त्यांचं नाव आता हजारो घरांतल्या भिंतींवर आहे.

आता रोज सकाळी डबा खणात पडायच्या आधी पारखीतून एक बारीकशी कांडी बाहेर येते आणि त्याला एकदा विचारते. गाबोळीची मूत्रपिंडं काही नवी झालेली नाहीत. काझी सांगतात, अजून दोन वर्षं, देवाच्या मनात असेल तर तीन. मला ती पुरेशी वाटतात. मिळालेली प्रत्येक सकाळ मला जास्तीची वाटते, आणि कुणाकुणाचे आभार मानू असं होतं.

कांडी पडते ती मला दिसते, पण टण मला ऐकू येत नाही. मी ओट्याशी चहा घेत गाबोळीकडे बघत उभी राहते. ती खिडकीत डोळे मिटून बसलेली असते. मग तिचे दोन्ही कान एकदम वळतात, ती उडी मारून खाली येते आणि माझ्या पायाला अंग घासत बशीकडे जाते. तेव्हा मला कळतं की डबा चांगला आहे.